तिथी पाहून सराव: परदेशातून सुट्टीला कोकणात आलेल्या ट्रायथलीटसाठी

दुबई, मस्कत, दोहा, लंडन किंवा फ्रँकफर्टला नोकरी करत हौसेने ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची शर्यत) करणारे कोकणातले लोक आता बरेच आहेत. वर्षभर तरण तलावातल्या लेन, घड्याळ, ट्रेडमिल आणि ट्रेनर नावाच्या स्टँडवर बसवलेली सायकल यांच्या मदतीने नेटाने सराव चालतो. मग महिनाभराची सुट्टी येते, माणूस गुहागर, देवगड किंवा वेंगुर्ल्याला घरी जातो आणि वेळापत्रक कोलमडतं. गावात तलाव नाही, सपाट रस्ता नाही, हवा दमट, त्यात पाहुण्यांची ये-जा. "हा महिना गेलाच," असं म्हणून बरेच जण बूट बॅगेतच ठेवतात.

माझं मत अगदी उलट आहे. खुल्या पाण्यातलं पोहणं, चढावरची सायकल आणि दमट उष्म्यात धावणं या तीन गोष्टी तिकडे पैसे मोजूनही एकत्र मिळत नाहीत, त्या इथे घराच्या पायरीशी आहेत. फक्त परदेशातला तक्ता इथे जसाच्या तसा चालवायला जाऊ नका. तिथे सराव वारावर बसवलेला असतो: सोमवारी पोहणं, मंगळवारी धावणं. कोकणात तो तिथीवर बसवावा लागतो, कारण किनारा कधी पोहण्याजोगा असेल आणि कधी धावण्याजोगा, हे भरती-ओहोटी ठरवते.

आधी अंतर आणि सुट्टीचा महिना

स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिक अंतरात १.५, ४० आणि १०. सत्तर पॉइंट तीन म्हणतात त्या अर्ध्या आयर्नमॅनमध्ये १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८, १८० आणि ४२.२. पहिलीच शर्यत असेल तर स्प्रिंट किंवा ऑलिम्पिक घ्या. कोकणातल्या माणसाला घराजवळची मोठी शर्यत म्हणजे गोव्यातली अर्धी आयर्नमॅन. ती २०१९ साली पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सुरू झाली आणि आजवर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होत आली आहे. या प्रकारात पोहण्याला सहसा १ तास १० मिनिटं आणि पूर्ण शर्यतीला साडेआठ तासांची मुदत असते.

आता सुट्टी कधी आहे ते पाहा. डिसेंबर ते मार्च, म्हणजे नाताळापासून शिमग्यापर्यंत, समुद्र सर्वांत शांत असतो आणि तिन्ही प्रकारांचा सराव होतो. पोहण्याचा पाया घालायचा तर हेच दिवस. एप्रिल आणि मेचा पूर्वार्ध चालतो, पण सकाळी आठनंतर ऊन सोसवत नाही आणि मेच्या शेवटाकडे समुद्र खवळायला लागतो. जून ते ऑगस्ट समुद्र पूर्ण बंद. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते ती माशांच्या पैदाशीसाठी, पण ज्या पाण्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होडी जात नाही, तिथे तुमचं काहीच काम नाही.

अवघड सुट्टी गणपतीची, आणि चाकरमानी नेमका तेव्हाच येतो. गोव्याची शर्यत दीड-दोन महिन्यांवर आलेली असते, समुद्राला मात्र अजून ओढ असते. त्या दिवसांचं वेगळं गणित पुढे देतो.

तिथीचं गणित

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हे पाठ असतं: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तो भरतीचा वाजण्याचा आकडा. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा आणि अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता फोनवर ठेवाच. पण कालनिर्णयाकडे नजर टाकून अख्ख्या पंधरवड्याचा सराव आखता येतो तो या गणितामुळेच.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग यांची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते: पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि जोरात वाहतं. अष्टमीच्या सुमारास आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस भांगाची भरती असते: चढउतार कमी, ओढही कमी. अलिबाग-मुरुडकडे हा चढउतार मोठा, मालवण-वेंगुर्ल्याकडे त्या मानाने लहान.

हे दोन्ही एकत्र ठेवलं की तक्ता आपोआप तयार होतो. सप्तमी ते एकादशी या दिवसांत पूर्ण भरती पहाटे सव्वापाच ते सकाळी सव्वाआठच्या दरम्यान येते आणि पाणीही भांगाचं, मवाळ असतं. हे पोहण्याचे दिवस. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंत पहाटे पाच ते सकाळी साडेआठच्या दरम्यान ओहोटी लागलेली असते, त्यातही उधाणाची, म्हणजे पुळण लांबवर उघडी पडते आणि ओली वाळू फरशीसारखी टणक होते. हे धावण्याचे दिवस. मधले दिवस सायकलचे आणि विश्रांतीचे. दर पंधरवड्याला पोहण्याचा एक आणि धावण्याचा एक गठ्ठा पडतो. परदेशात तीन प्रकार रोज आलटून पालटून करायची सवय असली तरी चार-पाच दिवस एकाच प्रकारावर भर दिल्याने काही बिघडत नाही. उलट समुद्रात सलग चार दिवस उतरलं की खुल्या पाण्याची भीती जेवढी जाते, तेवढी आठवड्याला एकदा उतरून जात नाही.

समुद्रात उतरताना

पहिला दिवस पोहण्याचा धरू नका, विचारण्याचा धरा. बंदरावर जा. रत्नागिरीकडे खारवी आणि दालदी, सिंधुदुर्गात गाबीत, रायगडात कोळी. होडीवरच्या तांडेलाला सरळ विचारा: "काका, इथे पोहायला कुठे बरं? ओढ कुठे असते?" खडक कुठे बुडालेले आहेत, जाळी कुठे लावतात, रापण (काठावरून ओढायचं मोठं जाळं) कुठे ओढतात, यातलं नकाशात काही नसतं. सकाळी रापण ओढायला घेतली असेल तर त्या पट्ट्यात पाण्यात शिरू नका. दोरीला हात लावा, पाठीचा आणि खांद्याचा उत्तम व्यायाम होतो आणि ओळखही होते. काका म्हणाले, "आज पाण्याला ओढ आहे, उद्या ये," तर घरी परत या. हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा उंच लाटांचा इशाराही पाहत जा. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या वादळाच्या लाटा किनाऱ्याला येतात.

जागा निवडताना खाडीचं मुख पूर्ण टाळा. ओहोटी लागली की सगळी खाडी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावते आणि भल्याभल्या पोहणाऱ्याला घेऊन जाते. गणपतीपुळ्यासारख्या, बुडण्याच्या घटनांसाठी माहीत असलेल्या किनाऱ्यांवर उतरू नका, तिथले फलक उगाच लावलेले नाहीत. मालवणचा चिवला किनारा त्या मानाने आडोशाचा आहे. तिथे सागरी जलतरण स्पर्धा होतात, आणि सुट्टी जुळली तर पहिल्या ट्रायथलॉनआधी अशा एका स्पर्धेत उतरणं फार मोलाचं. चारी बाजूंना माणसं, डोळ्यांत पाणी, पायाला कुणाचा तरी हात, हा अनुभव लेनमध्ये मिळत नाही.

एकट्याने कधीही नाही. सोबत दुसरा पोहणारा नसेल तर काठाने चालणारा भाऊ किंवा पुतण्या तरी हवा, त्याच्याकडे फोन आणि फोनमध्ये तीन क्रमांक: रुग्णवाहिकेसाठी १०८, आपत्कालीन मदतीसाठी ११२, तटरक्षक दलासाठी १५५४. डोक्याला भडक केशरी किंवा पोपटी टोपी, कमरेला मागे तरंगणारा फुगा. वेटसूट आणू नका. आपल्याकडचं पाणी बहुतेक वेळा २६ ते ३० अंशांच्या दरम्यान असतं, त्यात वेटसूट घालून माणूस शिजतो. आयर्नमॅनच्या नियमांत २४.५ अंशांच्या वर वेटसूट घालणाऱ्याला बक्षीस मिळत नाही आणि २८.८ च्या वर तो चालतच नाही. युरोपात सदैव वेटसूटमध्ये पोहणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं: वेटसूट पाय वर उचलून धरतो, तो गेला की पाय बुडतात. ते वर ठेवायची सवय इथेच करा.

पूर्ण भरतीच्या आधी अर्धा तास उतरा, म्हणजे पाणी थांबायच्या बेताला आलेलं असतं आणि परत येताना ओहोटीची ओढ अजून लागलेली नसते. पाय घासत, सरपटवत पाण्यात शिरा. वाळूत दबून बसलेलं पाकट पायाखाली आलं की शेपटीचा काटा मारतं, सरपटणाऱ्या पायाची चाहूल लागली की निघून जातं. कमरेएवढ्या पाण्यात थांबून पाच मिनिटं नुसता श्वास लावा, तोंड पाण्यात धरून बुडबुडे सोडा. मग किनाऱ्याला समांतर पोहा, समुद्राच्या दिशेने नाही. पाणी जिकडे वाहतंय त्याच्या विरुद्ध आधी जा, येताना ते मदतीला असतं.

नजर टाकण्याचा सराव हा या महिन्याचा खरा फायदा. तलावाच्या तळाशी काळी पट्टी असते, इथे पाणी हिरवं आणि गढूळ. दर सहा ते आठ हातांनी डोळे मगरीसारखे पाण्याच्या जेमतेम वर आणायचे, खूण पाहायची आणि त्याच लयीत बाजूला श्वास घ्यायचा. पूर्ण डोकं वर काढलं की कंबर बुडते. खूण म्हणून होडी धरू नका, ती फिरते. देवळाचा कळस, उंच माड, किल्ल्याचा बुरूज असं काहीतरी ढळढळीत धरा. दोन्ही बाजूंनी श्वास घेता आला पाहिजे, कारण शर्यतीच्या दिवशी लाट किंवा सूर्य कुठल्या बाजूला असेल ते आधी ठरत नाही.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या, मगच आत वळा. दमलात तर उताणे तरंगा, फुगा धरा, हात वर करा. जेलीफिश चावला तर चोळू नका, गोडं पाणी लावू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू हात न लावता काढा, आणि धाप लागली किंवा अंगावर गांध्या उठल्या तर थेट दवाखाना गाठा. काखेत, मानेला आणि मांड्यांना आधीच व्हॅसलिन लावा, खाऱ्या पाण्याने कातडी सोलवटते.

सायकल: चढ, तर आणि वारा

कोकणातला किनाऱ्याचा रस्ता म्हणजे खाडी, मग जांभ्याचा सडा म्हणजे पठार, मग पुन्हा खाडी. चढ लांब नसतात, पण उभे असतात आणि संपतच नाहीत. गल्फमधल्या सपाट ट्रॅकवर सायकल मारणाऱ्याची इथे पहिल्याच दिवशी दमछाक होते. मागचं मोठं दातेरी चक्र किमान ३२ दातांचं लावून घ्या, टायर २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद. एअरोबारवर (हँडलच्या पुढच्या, कोपर टेकायच्या दांड्यांवर) झोपायच्या जागा इथे थोड्या, ते काढून ठेवलेत तरी चालेल. सुरुवात रत्नागिरीहून भाट्ये पुलावरून पावसपर्यंत, किंवा आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्यापर्यंत. दुसरा रस्ता जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर भरतो आणि त्यात चढाचा पुरेसा दम निघतो.

खाडी ओलांडायला तर, म्हणजे फेरीबोट, मिळते तिथे तिच्याभोवती फेरी आखा: आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. तरीपर्यंत जोर लावायचा, तरीवर बसून खायचं-प्यायचं, पलीकडे उतरलं की पुन्हा जोर. तर चुकू नये म्हणून पाय आपसूक चालतात, आणि सक्तीची विश्रांतीही मिळते. सुटे पैसे जवळ ठेवा.

शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा असतो. दहा-अकरानंतर समुद्राकडून वारा सुटतो, आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात तो बहुधा वायव्येकडून असतो. म्हणून सकाळी उत्तरेकडे निघा आणि परतताना तो पाठीवर घ्या. मुंबई-गोवा महामार्गावर सराव करूच नका. गावरस्त्यांवर आंधळी वळणं, चिऱ्याचे डंपर, गुरं आणि कुत्री आहेतच, वळणाआधी घंटी वाजवा आणि दिवसाही मागचा लाल दिवा चालू ठेवा. पावसात रस्त्यावर वाहून आलेल्या लाल मातीचा थर साबणासारखा निसरडा असतो, त्यावर ब्रेक नाही, वळणही नाही.

धावणं

ओहोटीच्या टणक वाळूवर धावणं सुखाचं, पण पुळण समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेने खूप धावलं की एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरची बाजू धरते. जेवढं जाल तेवढंच त्याच पट्ट्याने परत या. बूट घालूनच धावा, पुळणीवर काचा आणि गळ असतात. चढाच्या सरावासाठी घाटात जायची गरज नाही, तुमच्या वाडीतली पाखाडी पुरे. जांभ्याच्या पायऱ्या चढताना जोर, उतरताना चालत, सहा ते आठ वेळा. शेवाळलेली असेल तर नाही.

आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्या उतरल्या वीस मिनिटं धावा. पाय लाकडासारखे होतात, पाच-सात मिनिटांत सुटतात. ते सुटेपर्यंत धीर धरणं, हाच तो सराव.

थंड देशातून आला असाल तर पहिला आठवडा वेग विसरा. शरीराला दमट उष्म्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर नाडी नेहमीपेक्षा वर दिसेल, तिच्या मागे न लागता सहज बोलता येईल इतक्याच जोराने जा. चक्कर, थंडी वाजल्यासारखं वाटणं, घाम अचानक थांबणं, बडबडणं यातलं काहीही दिसलं की थांबा, सावलीत जा, अंगावर पाणी ओता आणि मदत बोलवा.

पोटातलं

घाम किती जातो ते मोजा. तासभराच्या सरावाआधी आणि नंतर वजन करा, एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी. मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. ते सगळंच्या सगळं पाण्याने भरून काढायला जाऊ नका, नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेततं. एक लिटर पाण्यात गोड कोकम सरबत चवीपुरतं आणि पाव चमचा मीठ, हे पेय दीड-दोन तासांच्या सायकलला छान चालतं. पाव चमचा मिठातून सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा रस, वापरत असाल तर ते आधीच खारट असतं, वेगळं मीठ नको आणि साखर घालायला विसरू नका.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. दोन-तीन वेलची केळी, खजूर, गूळ-शेंगदाण्याचा लाडू यांत ती भागतात. सरावाआधी दीड-दोन तास उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि थोडं मेतकूट, याहून पोटाला हलकं काही मला सापडलेलं नाही. शर्यतीच्या दिवशी एनर्जी जेल खाणार असाल तर त्याच्यासह सराव मात्र आधी करा. आणि घरी स्पष्ट सांगा की सकाळी साडेआठपर्यंत मी सरावात, त्यानंतर दिवसभर तुमचा. आईला वेळ आणि रस्ता माहीत असला की तिची काळजी कमी होते आणि पाहुण्यांकडे जायचं निमंत्रणही आपोआप दुपारचं येतं.

गणपतीतली सुट्टी

समुद्र नाही, म्हणजे पोहणं रबरी पट्ट्यांवर. पडवीच्या खांबाला पट्टा बांधा, कमरेत वाका, कोपर वर ठेवून पाणी मागे लोटल्यासारखे हात ओढा. एक मिनिट ओढणं, अर्धा मिनिट विसावा, दहा ते पंधरा वेळा, दिवसाआड. पिण्याचं पाणी नसलेली, पायऱ्यांची, मोठी विहीर ओळखीची असेल तर काठावर दोन माणसं उभी करून, कमरेला दोरी बांधून जागच्या जागी पोहता येतं. नदीच्या डोहात भाद्रपदात उतरू नका, वर घाटात पडलेला पाऊस खाली कधी येईल ते कळत नाही.

सायकल उघडीप बघून, आणि नसेल तर ट्रेनरवर. धावणं मात्र रोज जमतं. आरतीला रात्र होते, म्हणून पहाटेचा सराव निम्मा करून झोप पुरी करा. मोदक बिनधास्त खा, दीड महिन्यावरच्या शर्यतीला ते आडवे येत नाहीत.

परत जाताना

खारी हवा सायकलचं आठवड्याभरात वाटोळं करते. दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, साखळी पुसून तेल द्या, बोल्टांना ग्रीस लावा. खोक्यात भरताना पेडल काढायची तर डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतो. टायरमधली हवा कमी करा, गिअर बदलणारा मागचा डिरेलर काढून फ्रेमला बांधा, आणि हवा भरायची गॅसची कार्ट्रिज विमानकंपनीला विचारल्याशिवाय सामानात ठेवू नका. थंड देशात परतणाऱ्यांनी गोव्याच्या शर्यतीआधीचे दोन आठवडे सराव झाल्यावर ४० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात वीस-तीस मिनिटं बसावं, इथे कमावलेली उष्म्याची सवय त्याने बरीच टिकते. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.